अकरा दिवस गेले, सतरा उरलेत: छोट्या रेसिडन्सीत काम कसं करावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत कलाशिक्षिका आहात. महिनाभर बिनपगारी रजा टाकून बडोद्यातल्या एका छापचित्रांच्या स्टुडिओत 28 दिवसांच्या रेसिडन्सीला (ठरावीक दिवस तिथे राहून काम करायची चित्रकारांची सोय) गेला आहात. अर्जात आजोळच्या वाड्यावर दहा एचिंगची (धातूच्या प्लेटवर ॲसिडने खाचा पाडून काढलेल्या छापचित्रांची) मालिका करीन असं लिहिलं होतं. अकरा दिवस संपले. पहिल्या जस्ताच्या प्लेटवरचं ग्राउंड (ॲसिड अडवणारा थर) उडालं, ॲसिड नको तिथे शिरलं आणि ती प्लेट तुम्ही प्रूफ (चाचणीचा छाप) न काढताच बाजूला ठेवलीत. दुसरीवरचं ड्रॉइंग तीनदा पुसलंत. शेजारच्या टेबलावरच्या मुलाची चौथी प्लेट चालू आहे. शेवटच्या दिवशी ओपन स्टुडिओ आहे, म्हणजे लोक काम बघायला येणार. येणारा-जाणारा ‘कॉन्सेप्ट काय?’ म्हणून विचारतो. आणि आता तुम्हाला वाटायला लागलंय की ही जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असती तर बरं झालं असतं.

हे शेवटचं वाक्य आधी बाजूला काढू. मी चोवीस वर्षं एचिंग करतोय, सहा रेसिडन्सी केल्यात आणि गेली नऊ वर्षं एका छोट्या स्टुडिओत बाहेरून येणाऱ्या चित्रकारांना प्रेसवर मदत करतोय. दहाव्या-अकराव्या दिवशी हे वाक्य बोललं नाही असा चित्रकार मला क्वचितच भेटलाय. घरून आणलेली कल्पना तोवर संपलेली असते, नवं काही हाताला लागलेलं नसतं आणि जेवणाची, झोपेची घडी अजून बसायची असते. तुमची लायकी त्यावरून ठरत नाही.

खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तुमच्या सगळ्या मजकुरात मला एकच गोष्ट खटकली: प्रूफ न काढता प्लेट बाजूला ठेवली. तुम्ही आधी विचार पक्का करायचा आणि मग काम करायचं अशा क्रमाने चालला आहात. रंगचित्रात हा क्रम थोडाफार चालून जातो, कारण कॅनव्हास समोरच असतो आणि चूक झाली की डोळ्यांना दिसते. एचिंगमध्ये प्लेट तुम्हाला काहीच दाखवत नाही. चित्र उलटं असतं, खाचा चमकतात आणि काळं कुठलं, करडं कुठलं हे कागदावर उतरेपर्यंत मलाही आजतागायत नक्की सांगता येत नाही. त्यामुळे प्रूफ हाच आमचा विचार. प्रूफ काढली नाही तर तुम्ही कितीही वेळ खुर्चीत बसून चिंतन करा, तुमच्यासमोर विचार करायला वस्तूच नाही.

काही गोष्टी तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आजच बघून घ्या. रेसिडन्सीचं पत्र पुन्हा वाचा. बहुतेक स्टुडिओ एक किंवा दोन प्रती स्वतःच्या संग्रहाला ठेवून घेतात, पण अर्जातल्या मालिकेचा आकडा सहसा बंधनकारक नसतो. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं असेल, तर समन्वयकांशी उद्या सकाळी बोला; शेवटच्या आठवड्यात बोलू नका. प्रेस किती जण वापरतात आणि तुमची पाळी कधी, हे विचारा. बाथ, म्हणजे प्लेट बुडवायचं द्रावण, नायट्रिकचा आहे की फेरिकचा, तेही बघा. जस्ताची प्लेट म्हणजे बहुतेक नायट्रिकच असेल, मी तसंच धरून पुढे लिहितो. तांब्यावर फेरिक क्लोराईड वापरत असाल तर वेळेची गणितं वेगळी होतील, बाकी सगळं तेच.

आता दिवसांचा हिशोब. 28 मधले 11 गेले, उरले 17. त्यात दोन रविवार, स्टुडिओ बंद, राहिले 15. शेवटचे चार दिवस छपाईसाठी धरू नका. तेलाची शाई कागदावर हवेने वाळते, तिला दिवस लागतात आणि तुम्ही ऐन पावसाळ्यात गेला आहात. ओला छाप ब्लॉटरमध्ये (टिपकागदात) दाबून सपाट वाळायलाही वेळ लागतो. घाई केली की कागद लाटेसारखा उठतो. म्हणजे हाताशी कामाचे दिवस 11. एका प्लेटला ग्राउंड देणं, ड्रॉइंग, दोन-तीन बाईट (ॲसिडात बुडवणं), ॲक्वाटिंट (करड्या छटा आणायची पद्धत) आणि मधल्या प्रूफ धरून नवख्या हाताला चार ते पाच दिवस जातात. तेव्हा दहा प्लेट विसरा. दोन प्लेट. तिसरी निघाली तर आनंद, नाही निघाली तर काही बिघडत नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण मला यात सुटकाच दिसते. दोन प्लेट म्हटलं की प्रत्येकीला पाच-सहा प्रूफ काढायला सवड मिळते. आणि त्या दोनांतली एक तुमच्याकडे आधीच आहे: बिघडलेली.

त्या प्लेटबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे बरंच शिकण्यासारखं आहे. ग्राउंड उडायची माझ्या अनुभवातली कारणं तीनच. एक, प्लेटवर तेलकटपणा राहिला. चॉक पावडर आणि अमोनियाने घासल्यावर प्लेट नळाखाली तिरकी धरायची. पाणी अखंड पडद्यासारखं वाहिलं तर प्लेट स्वच्छ. मध्ये कुठे पाणी फाटलं, थेंब-थेंब झालं, तर तिथे बोटाचं तेल आहे, पुन्हा घासायची. हे एक मिनिटाचं काम आहे आणि निम्म्या प्लेट यामुळेच वाचतात. दोन, ग्राउंड फार पातळ लागलं किंवा नीट वाळलं नाही. दमट हवेत हे हमखास होतं. तीन, बाथ गरम होता. नायट्रिक आणि जस्त एकत्र आले की उष्णता निघते. शेजारच्या मुलाने तुमच्या आधी लागोपाठ दोन प्लेट त्याच ट्रेमध्ये बुडवल्या असतील, तर तुमच्या वाट्याला आलेलं ॲसिड सकाळच्यापेक्षा बरंच तिखट असणार. वरून हवेतला उकाडा. कुणा थंड देशातल्या चित्रकाराच्या व्हिडिओत बघितलेली ‘वीस मिनिटं’ बडोद्यात लागू पडत नाहीत.

म्हणून पुढचा बाईट देण्याआधी जस्ताच्या दोन बोटं रुंद पट्टीवर चाचणी घ्या. पट्टीवर सारख्या रेषा ओढा, मग 2, 4, 8 आणि 16 मिनिटांनी एकेक भाग ब्लॅक जपानने (ॲसिड अडवणाऱ्या काळ्या वार्निशने) बंद करत जा. ती पट्टी छापून टेबलासमोर चिकटवा. बाईट चालू असताना रेषांवर जमलेले बुडबुडे पिसाने हलके बाजूला करत राहा, नाहीतर रेष तुटक खाल्ली जाते. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, हातमोजे घातलेले. तपकिरी धूर दिसला तर लगेच बाजूला व्हा आणि ॲसिड पातळ करून घ्या. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही. तुम्ही शिक्षिका आहात, हे जाणताच. तरी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आता ती प्लेट उचला, ग्राउंड पुसा आणि तिची प्रूफ काढा. कागद अर्धा तास तरी भिजवा, ब्लॉटरने वरचं पाणी टिपा, शाई सावकाश पुसा आणि प्रेसवरच्या माणसाला दाब तपासायला सांगा. मी न बघता एवढंच म्हणतो की नको तिथे शिरलेल्या ॲसिडने जस्ताला जे खरबरीत पोत येतात, ते हाताने काढता येत नाहीत. तुमचा विषय वाडा आहे. पोपडे धरलेली भिंत, ओल चढलेलं माजघर, पांढरी मातीची भिंत उन्हापावसाने खाल्लेली, हे सगळं तुम्ही सुईने रेखाटायचा प्रयत्न करत होतात आणि ॲसिडने ते तुमच्याआधी करून ठेवलं असण्याची बरीच शक्यता आहे. जिथे ते नको असेल तिथे स्क्रेपरने खरवडा, मग बर्निशरवर (गुळगुळीत करायच्या हत्यारावर) तेलाचा थेंब घेऊन घासा. जस्त मऊ असतं, ऐकतं. खरवडलेल्या जागी पूर्ण पांढरं येत नाही, आधीच्या खुणेची सावली राहते. वाड्याच्या चित्रात ती सावली राहिली तर काय हरकत आहे?

माझ्या दुसऱ्या रेसिडन्सीत मी नेमकं उलटं केलं होतं. विषय आमच्या गावच्या पायऱ्यांच्या विहिरीचा. पहिल्या आठवड्यात एक प्लेट जमली आणि उरलेले सगळे दिवस मी तिची बारा प्रतींची एडिशन काढण्यात घातले. प्रत्येक प्रत हुबेहूब, कडा स्वच्छ, खाली पेन्सिलीने 1/12, 2/12 असे आकडे. घरी येऊन गठ्ठा उघडला तेव्हा लक्षात आलं की आपण महिनाभर एकच गोष्ट बारा वेळा केली. एडिशन कुठेही काढता येते, आपल्या गावाजवळच्या कलामहाविद्यालयाच्या प्रेसवर रविवारी परवानगी घेऊनही काढता येते. जे फक्त तिथे करता आलं असतं, म्हणजे चुकणं, बदलणं, शेजाऱ्याला दाखवणं, ते मी केलंच नव्हतं. याची मला बरेच दिवस हळहळ वाटली.

त्यानंतरच्या रेसिडन्सीत मी एक नियम धरला आणि आजही सगळ्यांना तोच सांगतो. रोज संध्याकाळी पाच वाजता, काम कुठेही अडलेलं असो, एक प्रूफ काढायची. भारी कागदावर नको, साध्या कार्ट्रिज कागदावर चालेल. मागे पेन्सिलीने तीन गोष्टी: तारीख, काय केलं (‘पायऱ्यांची डावी बाजू, 8 मिनिटं’ इतकंच), आणि एक वाक्य, जे बघून मनात आलं ते. मग ती भिंतीवर आधीच्या प्रूफच्या उजवीकडे लावायची आणि पुसायचं सामान आवरेपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. हात धुऊन, चहा घेऊन परत आल्यावर बघायची.

त्या विहिरीच्या प्लेटवर मी पुन्हा काम केलं. सहाव्या दिवशी घाई झाली, शाई नीट पुसली गेली नाही आणि पाण्याच्या जागी करड्या शाईचा पातळ पापुद्रा तसाच छापला गेला. मागे मी लिहिलं होतं, ‘पुसणं खराब. पाणी जड झालंय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीसमोर उभा राहिलो आणि आधीच्या पाच प्रूफमध्ये पाणी नुसतं पांढरं, रिकामं होतं हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी पायऱ्याच काढत बसलो होतो. आजीच्या तोंडून त्या विहिरीबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं पाण्याबद्दल होतं. तिथून पुढची प्लेट पायऱ्यांशिवाय झाली. तुम्ही ज्याला ‘कॉन्सेप्ट’ म्हणता तो मला असा, प्रूफच्या मागच्या बाजूला सापडला.

ही पद्धत काही माझी नाही, छापचित्रांइतकीच जुनी आहे. डच चित्रकार रेम्ब्रांने 1653 साली येशूच्या मृत्यूच्या प्रसंगाचं, तीन क्रुसांचं एक मोठं ड्रायपॉइंट (ॲसिडशिवाय, सुईने थेट प्लेटवर कोरलेलं चित्र) केलं. त्याच्या सुरुवातीच्या छापांत गर्दी आहे, माणसं वेगवेगळी दिसतात. चौथ्या अवस्थेत (प्लेट बदलत गेल्यावरच्या चौथ्या टप्प्यात) त्याने प्लेटवरची कितीतरी माणसं खरवडून काढली आणि वरून अंधाराच्या उभ्या रेघा मारल्या. प्रसंग तोच, प्लेट तीच, पण तो जणू काही वेळाने तिथे परत आलाय आणि आता सगळं काळोखात बुडालंय. त्या अवस्थांचे छाप आज शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात म्हणून त्याचा विचार आपल्याला वाचता येतो. तुमच्या भिंतीवर सहा प्रूफ लागल्या की तुम्हालाही तुमचा वाचता येईल.

शेजारच्या मुलाबद्दल लिहिताना तुमच्या शब्दांत धास्ती होती. त्याच्याकडे जा. त्याला तुमची बिघडलेली प्लेट दाखवा आणि त्याच्या एखाद्या बिघडलेल्या प्लेटबद्दल विचारा. चार प्लेट झाल्यात म्हणजे त्यात किमान एक तशी असणारच. महिनाभराच्या जागेत सर्वांत मोलाचं काय, तर दुसरं कुणीतरी शेजारी काम करत असतं. मुंबईत 1950-60 च्या दशकांत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडे, हुसेन या चित्रकारांचे स्टुडिओ होते, त्याच वास्तूत रविशंकरांचं संगीत शिकवणं चालायचं आणि गच्चीवर दिग्दर्शक अल्काझींची नाटकं व्हायची. चित्रकाराच्या कानावर दिवसभर सतार पडतेय, संध्याकाळी वर तालीम चाललीय. त्यातून कुणी कुणाची नक्कल केली नाही, पण काम करणाऱ्या माणसांच्या सहवासाने जी धग मिळते ती मिळाली. शाळेत तुम्ही एकट्या आहात. मुलांच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत वर्ष जातं, चित्राबद्दल बरोबरीने बोलणारं कुणी नसतं. ते बोलणं आता आहे, तर ते सोडू नका.

आणि प्रेसवर जे काका असतील, त्यांना विसरू नका. प्रत्येक स्टुडिओत असा एक माणूस असतो ज्याने त्या यंत्रावर हजारो छाप काढलेत. दाब किती, प्रेसमधलं फेल्ट (जाड लोकरी कापड) कधी बदलायचं, कुठला कागद पावसाळ्यात बुरशी धरतो, हे त्याला विचारावं. तुमची प्रूफ त्यांना दाखवा आणि गप्प उभ्या राहा. ते ज्या कोपऱ्यावर बोट ठेवतील तिथे काहीतरी असतं, असा माझा अनुभव आहे.

‘कॉन्सेप्ट काय?’ या प्रश्नाला आज उत्तर असलंच पाहिजे असं नाही. ‘वाड्याच्या भिंतींवर काम करतेय, अजून बघतेय’ एवढं म्हटलं तरी ते खरं उत्तर आहे. लोक बहुतेक वेळा कुतूहलानेच विचारतात. त्यांना भिंतीवरची प्रूफ दाखवा आणि ‘तुम्हाला यात काय दिसतं?’ असं विचारा. मात्र एक करा. दर तीन दिवसांनी वहीत पानभर लिहा, मराठीत, घरच्या भाषेत. अर्जाच्या भाषेत लिहू नका. आजोळी सकाळी पहिला आवाज कुठला यायचा, कुठल्या खोलीत जायची भीती वाटायची, वाडा आता कुणाच्या नावावर आहे. अर्जात तुम्ही ‘स्मृती’ आणि ‘अवकाश’ असे शब्द वापरलेत. वाईट नाहीत, पण त्यांनी सुई कुठे ठेवायची ते कळत नाही. कोनाड्यातल्या चिमणीची काजळी म्हटलं की लगेच कळतं.

ओपन स्टुडिओत काय लावायचं? माझं स्पष्ट मत: पूर्ण झालेली दोन चित्रं फ्रेमशिवाय आणि त्यांच्या शेजारी सगळ्या प्रूफ, बिघडलेल्या धरून, क्रमाने. खाली टेबलावर प्लेट ठेवा, लोकांना हात लावू द्या. ज्याने कधी एचिंग बघितलं नाही त्याला खाचेवरून बोट फिरवल्यावर सगळं समजतं. दहा घाईच्या चित्रांपेक्षा ही भिंत बघायला लोक जास्त वेळ थांबतात, हे मी आमच्या स्टुडिओत वर्षानुवर्षं पाहिलंय. एडिशन काढायचीच असेल तर स्टुडिओला द्यायच्या प्रती आणि स्वतःसाठी दोन, बस्स. बाकीच्या पुढे कधीही काढता येतील.

एक काळजी तुम्ही शेवटी एका ओळीत लिहून सोडून दिलीत: परत गेल्यावर प्रेस नाही, मग हे सगळं थांबणार. याचा विचार आत्ताच केलेला बरा. एचिंगला दाब लागतो, तो चमच्याने घासून येत नाही. पण लिनो आणि लाकडाचा ठसा घरच्या जेवणाच्या टेबलावर, पातळ कागद आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने उत्तम निघतो. मुलांनाही शिकवता येतो, म्हणजे शाळेच्या तासातच तुमचा हात चालू राहील. ॲसिडशिवाय खाचांचं काम करायचं तर ॲक्रिलिकच्या तुकड्यावर सुईने ड्रायपॉइंट करा आणि असे आठ-दहा तुकडे साठले की जवळच्या कलामहाविद्यालयात एक दिवस प्रेस मागून घ्या. ड्रायपॉइंटची बर (रेषेच्या काठाला उठलेली कड) लवकर दबते, थोडेच चांगले छाप निघतात, तेव्हा त्या एका दिवसात शाई आणि कागद तयार ठेवूनच जा. तिथल्या शिक्षकांना आधी पत्र लिहा. मी विचारलं त्या ठिकाणी मला नाही म्हटलेलं फार थोड्यांनी.

म्हणजे उद्या सकाळी क्रम असा: समन्वयकांना सांगणं की मालिका दहाऐवजी दोन-तीनची होईल, जस्ताची चाचणी-पट्टी आणि पाचच्या आत त्या बिघडलेल्या प्लेटची पहिली प्रूफ. दुसऱ्या प्लेटवरचं ड्रॉइंग चौथ्यांदा पुसू नका. प्रूफ बघितल्याशिवाय त्या प्लेटला हात लावायचा नाही.

निघताना प्लेट नीट न्या. जस्ताला दमट हवेत पांढरट डाग धरतात आणि ते पुढच्या छपाईत करडे दिसतात. खाचांतली शाई पूर्ण काढा, प्लेट कोरडी करून व्हॅसलिनचा किंवा पातळ ग्राउंडचा हात द्या, मेणकागदात गुंडाळा आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधा. छाप ब्लॉटरमधून काढून बटर पेपर घालून सपाट ठेवा, गुंडाळी करू नका. प्रूफचा गठ्ठा वेगळा बांधा, मागची तारीख वर दिसेल असा, आणि तो गाडीत हातातल्या पिशवीत ठेवा.